दुष्काळ खोडून टाक

७ नोव्हेंबर

चि. सुजाता हिस,

जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

आज रजा टाकून साताऱ्याला गेलो होतो. दरवर्षी जातो, तुला माहीत आहे. १९०० साली याच तारखेला तिथल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकासमोर त्यांची सही आहे. आता सरकारनं हा दिवस विद्यार्थी दिन केलाय. पोरं रांगेत उभी होती, हातात फुलं. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून स्टँडवरच्या बाकावर बसून युरोपातल्या शिक्षणासाठीचा तुझा शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा एकदा वाचला.

मेढ्याला त्याची प्रिंट काढून घेतली होती. फोनवर इंग्रजी वाचायला माझे डोळे साथ देत नाहीत. डिक्शनरी शेजारी ठेवून तीन रात्री वाचला. सगळं कळलं. पण पहिल्याच ओळीवर मी अडकलोय, आणि ते फोनवर बोलायला गेलो असतो तर "आप्पा, असंच लिहायचं असतं" म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून पत्र.

तू लिहिलंयस, "दुष्काळी भागातल्या एका गरीब डाकसेवकाची मी मुलगी."

सुजाता, आपल्याकडं दुष्काळ कधी पडला? जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडवीला झडी बांधून आपण आत बसतो. आजीचं इरलं अजून माळ्यावर आहे. पावसानं वाट बंद झाली म्हणून टपालाची पिशवी दोन-दोन दिवस अडकते. हा शब्द तुझा नाही. निवड झालेल्या कुणाच्या तरी जुन्या अर्जातून तो आलाय. मी तुझ्यावर रागावलो नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी लिहायचं म्हटल्यावर माणूस दुसऱ्याचा सदरा घालून जातो, हे मला समजतं. पण तो खोडून टाक.

आणि 'गरीब' हा शब्दही. माझा पगार थोडा आहे हे खरंच आहे. ते सांगायला उत्पन्नाचा दाखला असतो, त्यावर तहसीलदारांचा शिक्का असतो. ते काम त्या कागदाला करू दे. आपण कोण, कुठून आलो, हे लपवायचं नाही. एका वाक्यात, मान वर करून लिही. पण वाचणाऱ्याला आपली दया यावी म्हणून लिहिलेलं एकही वाक्य त्यात नको. तुझी आजी दुसऱ्यांच्या बांधावर राबली, पण कुणाकडं दया मागायला गेली नाही.

मग काय लिहायचं? पहिल्या पानावर मला जे सापडलं नाही ते.

तू तिसरीत होतीस. माझ्याबरोबर वाडीवर टपाल द्यायला यायचीस, डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सड्यावरून चालत. तिथं त्या जांभ्या दगडाच्या खळग्यात पाणी साठतं आणि पाण्यातून दोन फाट्यांचा तो तुरा वर येतो, वायतुरा. तू विचारलंस, पाणी आटल्यावर हा कुठं जातो? मी म्हणालो, मरतो. पुढच्या पावसाळ्यात तू मला हाताला धरून त्याच खळग्यापाशी नेलंस. तुरा आला होता. "मेला नव्हता आप्पा, खाली होता." नंतर गुराख्यानं तुला त्याचा कंद दाखवला. तेव्हापासून तुझ्या वहीत कुठल्या खळग्यात पाणी कधी साठलं, कधी आटलं, तुरा कधी आला, याच्या तारखा आहेत. तू पुण्याला गेल्यापासून त्या तारखा मी लिहितो. ही वनस्पती आपल्या जिल्ह्याच्या नावानं शास्त्रात नोंदलेली आहे, हे मला तूच सांगितलंस. साताऱ्याच्या सड्यांपलीकडं तिला फारसं घर नाही, हेही तूच.

हे सगळं तुझ्या अर्जात तिसऱ्या पानावर, एका ओळीत आलंय. "स्थानिक जैवविविधतेत रस." एवढंच!

बाबासाहेबांची एक गोष्ट या अर्जाच्या संदर्भात मला सारखी आठवते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी शिकायला मुलं पाठवायचं ठरवलं. चरित्रात येतं की महाराजांनी त्यांना विचारलं, कुठल्या विषयाचा अभ्यास करणार? ते म्हणाले, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विशेषतः सार्वजनिक अर्थव्यवहार. महाराजांनी पुढं विचारलं, त्याचं करणार काय? त्यावर त्यांनी सांगितलं की त्या अभ्यासातून माझ्या समाजाची अवस्था सुधारायचे मार्ग मला सापडतील. बघ, २२ वर्षांचा मुलगा. चारच महिन्यांपूर्वी वडील गेलेले. दुःख सांगायला त्याच्याजवळ काय कमी होतं? पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, आणि महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी शिष्यवृत्ती घेऊन जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले. तुझ्या फॉर्ममध्येही तेच दोन प्रश्न आहेत. काय शिकणार, आणि त्याचं करणार काय.

शिफारसपत्राचं. तू म्हणालीस, विभागप्रमुखांकडून घेते, त्यांचं पद मोठं आहे. पण ते तुला हजेरीपटावरून ओळखतात. केळुसकर गुरुजींनी बाबासाहेबांना महाराजांकडं नेलं, कारण हा मुलगा रोज बागेत वाचत बसतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या मॅडम तुमच्याबरोबर पावसात कासला आल्या, ज्यांनी तुझी वही चाळून दोन तारखा चुकीच्या दाखवल्या, त्यांना विचार. चूक दाखवणारं माणूस तुझ्याबद्दल खरं लिहील. आणि आजच विचार. शेवटच्या आठवड्यात गेलीस तर त्या बिचाऱ्या घाईत दोन ओळी लिहून देतील.

गेल्या वर्षी तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपमध्ये तुझं नाव लागलं नाही, तेव्हा तू फोनवर रडलीस. मला काही बोलता आलं नाही. आईकडं फोन दिला. तेव्हा सुचलं नाही ते आता लिहितो. १९१७ साली बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. सामानाचं जहाज पाणबुडीनं बुडवलं, पुस्तकं समुद्रात गेली. बडोद्यात राहायला कुणी जागा दिली नाही. पण निघण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला पोचले. १९२३ ला डी.एस्सी. ती परवानगी मला फार मोठी वाटते. हातात काही नसताना त्यांनी दार उघडं ठेवलं. तूही या वर्षी त्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज पुन्हा भर, नोव्हेंबरातच भर. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढायला मिळतील, येण्याजाण्याचं रेल्वेभाडं मिळेल, आणि कंदाच्या आत काय चालतं ते तुला भिंगाखाली बघता येईल.

युरोपच्या त्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमाबद्दल आईला समजावून सांगितलं. दोन तरी देशांत शिकायचं, शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही, वर महिना १,४०० युरो. तिनं एकच विचारलं, थंडीत पोरगी काय खाणार? मी तरी काय सांगू, माझा सगळ्यांत लांबचा प्रवास नागपूरच्या दीक्षाभूमीचा. पण तिचा नकार नाही. रात्री तिनं तुझी जुनी गोधडी उन्हात टाकायला काढून ठेवली.

ते नाही झालं तर बाकीची दारं आहेतच. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांना. त्यांना प्रवेश हातात लागतो, म्हणून तिकडच्या विद्यापीठांचे अर्ज आधी. जे. एन. टाटा एंडोमेंटचे पैसे कर्जाऊ असतात, फेडावे लागतात. त्यात कमीपणा मानू नकोस. १८९२ साली ती सुरू झाली आणि तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. इंग्रजीच्या परीक्षेच्या फीसाठी माझी आरडी डिसेंबरात पुरी होतेय. तेवढ्यासाठी शिकवण्या घेऊ नकोस, तो वेळ अर्जाला दे.

जात वैधतेचं प्रमाणपत्र घरी आहे, झेरॉक्स साक्षांकित करून स्पीड पोस्टनं पाठवतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोमवारी सेतूत जातो.

पासपोर्टचा अर्ज गावच्या पत्त्यावर कर. बावीस वर्षांत या पिशवीतून मी चार पासपोर्ट पोचवले, चारही आखाताला जाणाऱ्या मुलांचे. पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा, असा आमचा नियम आहे. बापालासुद्धा घेता येत नाही. तेव्हा त्या आठवड्यात घरी ये, सही करून माझ्याकडून घे.

तुझे,
आप्पा

ता. क. – दुसऱ्या वळणाच्या खळग्यात परवापर्यंत ओंजळभर पाणी होतं, काल आटलं. वहीत तारीख घातलीय, ६ नोव्हेंबर. गेल्या वर्षीपेक्षा नऊ दिवस उशिरा. असं का झालं असेल, ते कळव.