मांजराच्या रक्तशर्करा तपासणीच्या स्ट्रिपच्या डबीवर झाकला गेलेला सांकेतिक क्रमांक : तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
पशुवैद्यकीय उपकरणे आयात व वितरण विभाग

विषय : आयातदाराच्या लेबलाखाली मांजरासाठीचा कोड झाकला जाणे, तसेच मदत कक्षाने दिलेला चुकीचा व धोकादायक सल्ला

महोदय / महोदया,

आपली कंपनी आयात करीत असलेला, कुत्र्यामांजरांसाठीचा ग्लुकोमीटर मी आमच्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने विकत घेतला आहे. यंत्राविषयी माझे काहीही म्हणणे नाही. माझी तक्रार आहे ती स्ट्रिपच्या नव्या डबीवर आपण चिकटवलेल्या लेबलाविषयी आणि त्याखाली काय झाकले गेले आहे असे विचारल्यावर आपल्या मदत कक्षाकडून मिळालेल्या उत्तरांविषयी.

आमच्या बोक्याला, बंड्याला, अलीकडेच मधुमेहाचे निदान झाले. नसबंदी झालेला, वयाने उतरणीला लागलेला आणि अंगाने भरलेला बोका म्हणजे हा आजार ज्यांना सहसा गाठतो त्यांपैकीच एक. भरपूर खाऊनही त्याचे वजन उतरत होते आणि पाण्याचे भांडे सारखे रिकामे होत होते. आता त्याला बारा तासांच्या अंतराने दोन वेळा ग्लार्जिन इन्सुलिन दिले जाते आणि प्रत्येक इंजेक्शनपूर्वी साखर घरीच मोजावी लागते. दवाखान्यात मोजलेल्या साखरेवर मांजराच्या बाबतीत फारसा भरवसा ठेवता येत नाही, कारण पिंजरा, रिक्षा आणि शेजारच्या बाकावरचा कुत्रा एवढ्यानेच घाबरून निरोगी मांजराची साखरसुद्धा ३०० मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकते. म्हणून कान कोमट फडक्याने शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळ टोचायचे आणि मोहरीहूनही लहान थेंब स्ट्रिपच्या टोकाला लावायचा, हे सगळे आम्ही डॉक्टरांकडून शिकून घेतले. बंड्याही आता कुरकुर न करता बसतो. त्याला नंतर मिळणारा उकडलेल्या चिकनचा तुकडा ठाऊक आहे.

आपल्या यंत्राचे वैशिष्ट्य असे की स्ट्रिप आत घातल्यावर डबीवर छापलेला कोड निवडावा लागतो. हा कोड कुत्र्यासाठी वेगळा आणि मांजरासाठी वेगळा असतो, आणि आपल्याच माहितीपत्रकानुसार तो प्रत्येक नव्या डबीवरून पडताळून घ्यायचा असतो. यामागचे कारण आपल्याला सांगायला नको, पण आपल्या मदत कक्षाला ते सांगण्याची गरज दिसते. माणसाच्या रक्तातील साखर द्रवभाग आणि तांबड्या पेशी यांत साधारण ५८ आणि ४२ टक्के अशी वाटलेली असते. मांजराच्या रक्तात मात्र सुमारे ९३ टक्के साखर द्रवभागातच असते, आणि कुत्र्याचे प्रमाण त्याहून वेगळे आहे. माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा कमी दाखवतात ते यामुळेच. हा फरक यंत्राला कळावा म्हणूनच कोडची सोय केलेली आहे, आणि आम्ही जास्तीचे पैसे मोजले तेही या सोयीसाठीच.

नव्या डबीवर आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयातीचा महिना असलेले पांढरे लेबल आपण नेमके या दोन कोडांवरच चिकटवले आहे. नखाने कोपरा हलकेच उचलून पाहिला, तर त्यासोबत खालची छपाईही सोलून आली. उरले ते मांजराच्या चित्राचे दोन कान आणि एका अंकाचा खालचा बाक, जो इंग्रजी तीन, पाच किंवा आठ यांपैकी कशाचाही असू शकतो. बाहेरच्या खोक्यावर कोड नाही. आतील माहितीपत्रकात कोडसाठी डबी पाहावी असे लिहिले आहे. आधीच्या डबीचे लेबल खोक्यावर लावलेले होते आणि तेव्हा काहीच अडचण आली नव्हती. म्हणजे ते योग्य जागी लावणे आपल्याला अशक्य नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आयातदाराने आपला तपशील द्यायचा असतो हे मला मान्य आहे, परंतु तो देताना उत्पादकाने छापलेली आवश्यक माहिती झाकावी असे त्या नियमांत कुठेही म्हटलेले नाही.

मदत कक्षाला फोन केल्यावर पहिले उत्तर मिळाले, ‘कोणताही कोड टाका मॅडम, आकडा येतो.’ आकडा येतो हे खरेच आहे. दुसऱ्या प्रतिनिधीने जुन्या डबीचाच कोड चालू ठेवायला सांगितले, जे आपल्या माहितीपत्रकाच्या थेट विरुद्ध आहे. तिसऱ्याने तर माणसांच्या मशीनवर साखर तपासून त्यात ३० मिळवण्याचा तोडगा सुचवला. माणसांचा ग्लुकोमीटर मांजरासाठी मुळीच वापरू नये असे माझे म्हणणे नाही. अनेक पशुवैद्य तो चालवून घेतात, पण मग कायम तेच यंत्र वापरायचे आणि कमी-जास्तच्या मर्यादाही त्याच यंत्राच्या हिशेबाने ठरवायच्या, असे ते बजावतात. दोन यंत्रांतील फरक प्रत्येक पातळीवर सारखाच राहत नाही. म्हणून ठरावीक आकडा मिळवण्याची युक्ती सोयीची वाटली तरी भरवशाची नाही.

या गोंधळाचा व्यवहारात काय परिणाम होतो, तेही नोंदवते. आमच्या डॉक्टरांची सूचना अशी आहे की इंजेक्शनपूर्वीची साखर २०० च्या खाली असेल, तर इन्सुलिन न देता आधी त्यांना फोन करायचा. नव्या डबीतील दोन स्ट्रिप मी एकाच वेळी, एकाच कानाच्या रक्तावर, केवळ कोड बदलून वापरल्या. एकीने १६८ दाखवले आणि दुसरीने २३१. पहिला आकडा खरा मानला तर सुई बाजूला ठेवायची. दुसरा मानला तर टोचायची. साखर एखादा दिवस चढी राहिली तर निभावून नेता येते, पण इन्सुलिनमुळे ती फार खाली गेली तर झोकांड्या, झटके आणि बेशुद्धी यांना वेळ लागत नाही आणि हिरड्यांवर मध चोळत दवाखाना गाठावा लागतो. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी फोनवरच इंजेक्शन थांबवायला सांगितले, आणि पुढची मोजणी त्यांच्याकडील यंत्रावर करून घ्यावी लागली.

केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने माणसांबरोबरच प्राण्यांच्या रोगनिदानासाठी वापरली जाणारी उपकरणेही औषधांच्या व्याख्येत आणली आहेत. तेव्हा ‘मांजरासाठी एवढे काटेकोर राहायची काय गरज’ हा जो सूर मदत कक्षाशी बोलताना मला जाणवला, तो कायद्यालाही धरून नाही.

माझी मागणी अशी आहे की, या लॉटचा मांजरासाठीचा आणि कुत्र्यासाठीचा कोड उत्पादकाकडून खात्री करून घेऊन मला लेखी कळवावा. ही डबी परत घेऊन कोड स्पष्ट दिसणारी, मुदत पुरेशी शिल्लक असलेली डबी आपल्या खर्चाने पाठवावी, आणि ती येईपर्यंत आम्हाला कराव्या लागणाऱ्या तपासण्यांचा खर्च पावत्यांनुसार द्यावा. याच लॉटच्या डब्या ज्या ग्राहकांना गेल्या आहेत, त्या सर्वांना आपण स्वतःहून कळवावे. माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची मागणी हीच आहे, कारण जुना कोड तसाच चालू ठेवणाऱ्याला आपला आकडा चुकतो आहे याची शंकाही येणार नाही. यापुढे आयातीचे लेबल खोक्यावर लावावे. मदत कक्षाला उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगून प्रश्न पशुवैद्यकीय सल्लागाराकडे सोपवण्याची सूचना द्यावी.

कोड दोन दिवसांत आणि उर्वरित बाबींवरील उत्तर पंधरा दिवसांत ईमेलने मिळावे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. डबी आणि तिच्यातील उरलेल्या स्ट्रिप मी झाकण घट्ट लावून जपून ठेवल्या आहेत. आपल्या प्रतिनिधीला त्या पाहता येतील, मात्र डबी परत देताना मला लेखी पोच लागेल.

कळावे,

आपली ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, लेबल काढण्यापूर्वीची व नंतरची डबीची छायाचित्रे, दोन्ही कोडांवरील आकड्यांची छायाचित्रे, पशुवैद्यांच्या चिठ्ठीची प्रत