नवे पाळक येतायत, मंडपाचं नंतर बघू, आधी बंगल्याचे पत्रे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे-जून आला की आपल्या पेपरच्या जिल्हा पानावर एखादी तरी बातमी असतेच, अमुक चर्चमध्ये नवीन पाळकांचं जल्लोषात स्वागत, फोटोत शाल, बुके आणि शेजारी कमिटीची सगळी मंडळी. नाताळ सोडून इतर वेळीपण आमच्या समाजाची बातमी छापून येते म्हणून मला ती वाचून बरंच वाटतं. पण यंदा आमच्याच चर्चला नवीन पाळक येतायत, बिशप साहेबांचं लेटर आलंय, आणि तो फोटो निघायच्या आधी जे व्हायला पाहिजे ते होत नाहीये म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचे पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू कुटुंबवाले असतात, बायको-मुलांसकट बदलीवर येतात आणि चर्चच्या आवारातल्या बंगल्यात राहतात. बंगला हा शब्द मिशनच्या काळातला आहे, प्रत्यक्षात आमच्याकडे तीन खोल्या आणि मागे पत्र्याचं स्वयंपाकघर.

आधीचे पाळक गेले त्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही महिला मंडळाच्या सहाजणी तो बंगला झाडायला गेलो. स्वयंपाकघराच्या दारामागे एक घमेलं उपडं ठेवलेलं होतं, उचललं तर तळाला गंजाचा गोल आणि खाली फरशीवर तसाच गोल डाग, वर बघितलं तर बरोबर त्याच्या डोक्यावर पत्र्याला भोक. म्हणजे चार पावसाळे आधीच्या पाळकांच्या बायकोने घमेल्यात पाणी झेलत स्वयंपाक केला. त्यांची मुलगी दहावीला होती तेव्हा ती त्याच स्वयंपाकघरात अभ्यासाला बसायची कारण पुढच्या खोलीत रोज कोणी ना कोणी पाळकांना भेटायला आलेलं असायचं. आम्ही त्या घरात किती वेळा चहा प्यायलो, मी स्वतः प्यायले, पण पुढच्या खोलीत बसून. आत जाऊन कधी बघितलं नाही. त्या कधी बोलल्या नाहीत, आणि आपण विचारलं नाही, ही चूक माझी पण आहे.

आणि त्याच आठवड्यात मिटिंग झाली. दोन तास मंडपावर, बॅनरवर कोणाकोणाचे फोटो आणि कोणाचा वर कोणाचा खाली यावर, जेवणात मटण की व्हेज पुलाव यावर. पत्र्याचा विषय मी काढला तर उत्तर आलं, "ते आल्यावर बघतील त्यांच्या सोयीने." अहो आलेला माणूस पहिल्याच महिन्यात छप्पर गळतंय म्हणून कमिटीकडे हात पसरेल का? नाहीच पसरणार, संकोच असतो, आणि मग चार वर्षं घमेलंच.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी घरातली बाई एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, ती पाळकांची मूठ, आणि रविवारी ते सगळं चर्चमध्ये जमा व्हायचं. गरीब माणसं होती सगळी, दुष्काळात स्वतःच्याच ताटात कमी, पण ती मूठ चुकायची नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, ती मंडळी काँग्रिगेशनल परंपरेतली, म्हणजे पाळक कोण हे मंडळीने, चर्चच्या सभासदांनी, ठरवायचं आणि त्याला सांभाळायचंही मंडळीनेच. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळे चर्चपंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि आता नेमणूक-बदली डायसिसकडून, म्हणजे बिशप साहेबांच्या धर्मप्रांताकडून होते. यात वाईट काही नाही, उलट छोट्या गावच्या मंडळीलाही शिकलेला सेवक मिळतो. पण नेमणूक वरून यायला लागली आणि हळूहळू आम्हाला वाटायला लागलं की सांभाळायची जबाबदारीपण वरच्यांचीच. लेटर वरून येतं हो, पण राहायला तो माणूस आपल्यातच येतो ना.

दुसरी गोष्ट पाळकीणबाईंची, म्हणजे नव्या पाळकांच्या बायकोची. अजून त्यांनी गावात पाय ठेवला नाही आणि आमच्या मंडळाच्या वहीत अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव लिहून झालंय, रविवारची शाळा पण त्यांच्याकडेच, नाताळचं नाटक पण त्याच बसवणार. त्यांना गाता येतं का, लहान मुलांत रमतात का, कुठे नोकरी करत होत्या आणि ती बदलीमुळे सोडावी लागली का, कोणी विचारलंय? नेमणूक एकाची होते आणि कामाला आपण दोघांना लावतो. त्यांना आवड असेल तर आनंदच आहे, पण आधी विचारा, आणि सहा महिने त्यांना नुसतं आपल्यासारखं बाकावर बसून उपासना ऐकू द्या.

मुलांचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते आणि सामानाचा टेम्पो बहुतेक त्याच दिवसांत येऊन उभा राहतो. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, उशिरा आलेलं पोरगं शेवटच्या बाकावर कसं बसतं ते रोज बघितलंय. आमच्यातले तीन शिक्षक अजून नोकरीत आहेत, एकाने पाळकांना फोन करून विचारलं की मुलं कितवीत आहेत, कोणतं मीडियम, दाखला मिळाला का, तर केवढं काम होईल.

आणि गटबाजी. हे पेपरात लिहू नको असं घरचे म्हणतायत, तरी लिहिते. नवीन पाळक कोणाच्या बाजूचे यावर आत्ताच व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतायत. मागच्या वेळी सामान उतरायच्या आत एका बाजूची चार माणसं येऊन हिशोबाची भांडणं सांगून गेली आणि रात्री जेवणाचा डबा घेऊन दुसऱ्या बाजूची आली, ती पण तेच सांगायला. त्या माणसाने अजून आमची तोंडं पण ओळखली नव्हती. माझी हात जोडून विनंती आहे, पहिले तीन महिने जमिनीचा, कमिटीचा, कोर्टाचा एक शब्द त्यांच्या कानावर घालू नका. त्याऐवजी त्यांना घेऊन जा त्या घरी जिथे म्हातारं माणूस दोन वर्षं अंथरुणावर आहे आणि चर्चला येऊ शकत नाही, त्याला घरीच प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी, पाहिजे असतं. अशी आमच्याकडे अकरा घरं आहेत, मी वहीत गल्लीसकट लिहून ठेवलीयत.

स्वागत करूच नका असं माझं म्हणणं मुळीच नाही. पेटी-तबला काढा, भजनं म्हणत वेशीपासून आणा, नगरकडे ख्रिस्ती भजन-कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय आणि त्याच्यासारखं स्वागत बुके देऊन होत नाही. फक्त बॅनरचे पैसे पत्र्याला द्या.

आमच्या सहाजणींनी वर्गणी काढलीय, पत्रे बदलायला मंगळवारी माणूस येतोय. कमी पडतायत ते आम्ही कमिटीकडे मागितलेत. आजूबाजूच्या मंडळींनी पण आपल्या पाळकांच्या स्वयंपाकघरात एकदा आत जाऊन वर बघावं, पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय.

आपली,
महिला मंडळाची एक सभासद, निवृत्त शिक्षिका