हर्षद पिनकोड

संपादक महोदय,

परवा स्पीड पोस्टाच्या रांगेत उभा असताना पाकिटावरचा आमचा पिनकोड सहज भागून पाहिला. ४११०३०. अंकांची बेरीज ९, आणि ९ ने भागलं तर बाकी शून्य, भागाकार ४५६७०! शेवटचं शून्य झटकलं की ४५६७, ओळीने चार अंक. ही मूळ संख्या असेल का, या विचारात माझा नंबर गेला. घरी येऊन वहीत ६७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं (६८ चा वर्ग ४६२४, म्हणजे पुढे जायला नको). एकीनेही भाग जात नाही. मूळच!

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं. फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीत शाळामास्तर. जगभर आजही हे नाव चालतं.

लगेच कोथरूडच्या मित्राला फोन लावला. ४११०३८, बेरीज १७, बाकी १२ उरते; हर्षद नाही. तो म्हणाला, “नसू दे. आमच्याकडे पार्किंग आहे.”

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे