आखाजीला येण्याआधी

हॅम्बुर्ग

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो आपण, तरी पत्र लिहायला घेतलं. असले विषय फोनवर निघाले की आई जेवणाखाण्याचं विचारायला लागते आणि बाबा फोन वहिनीकडे देतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी येतेय. दारात मला बघून तुमच्या मनात जे येईल त्याचं आधीच सांगून ठेवते. आणि बाबांशी एक गोष्ट बोलायची आहे, ती सगळ्यात महत्त्वाची. ती वाचल्याशिवाय पत्र घडी करून ठेवू नका.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, "खांदे केवढे रुंद झाले व तुझे, अन् तोंड पाहा कसं उतरलंय." दोन्ही खरं आहे. आजारी नाही मी. कसं झालं ते सांगते.

पहिल्या हिवाळ्यात मी तुला बर्फातला फोटो पाठवला होता. मावशी म्हणाली, पोरगी गोरी झाली, तिकडची हवा मानवली. तू तो फोटो गल्लीभर दाखवलास, मला माहीत आहे. तुझा आनंद मला कळत होता. लहानपणापासून माझ्या तोंडाला बेसन-हळद लावणारी तू, मळ्यात जाताना तोंडाला स्कार्फ बांध म्हणून मागे लागणारी तू. बघायला आलेल्या लोकांसमोर "नाकीडोळी नीटस आहे" हे तू घाईने आधीच सांगून टाकायचीस, रंगाचा विषय निघू नये म्हणून. त्याच हिवाळ्यात माझे गुडघे आणि पाठ दुखायला लागली, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं.

आपलं जळगाव 21 अक्षांशावर, हे गाव साडेत्रेपन्नवर. डिसेंबरात सूर्य दुपारी चारला मावळतो, आणि दिवसा असतो तोही इतका तिरपा की त्याच्या उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयारच होत नाही. ऑक्टोबर ते मार्च हीच गत, असं इथली रॉबर्ट कॉख ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त. भुसावळच्या उन्हात ते आपलं रक्षण करतं, पण इथल्या कोवळ्या उन्हात त्याच कातडीला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ बसावं लागतं. मावशीला जे गोरेपण दिसलं, ते ऊन न मिळाल्याचं लक्षण होतं. आता डॉक्टरांनी दिलेलं औषध घेते, आणि उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो तेव्हा दुपारी दंड उघडे टाकून बागेत बसते. इथले लोक तर सावळं होण्यासाठी सुट्टीत समुद्रकाठी जाऊन पडतात. माझ्या ऑफिसातली एक जण माझ्या हाताशेजारी हात धरून म्हणाली, मला हा रंग मिळाला असता तर! त्या दिवशी घरी येऊन मी कितीतरी वेळ आरशासमोर उभी होते. माझा रंग मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला असेन.

आखाजीला येईन तेव्हा हिवाळा नुकताच सरलेला असेल, म्हणजे मी फिकीच दिसेन. कुणी "उजळली" म्हटलं तर आई, खूश होऊ नकोस. आठ दिवस अंगणात वावरले की माझा रंग परत येईल, आणि मला तो हवा आहे.

तिथे मी उंच होते. पाच फूट चार इंच म्हणजे आपल्याकडे मुलाची उंची आधी विचारायचे. इथे कोटाच्या बाह्या माझ्या बोटांवर येतात आणि बसच्या कड्या धरताना टाचा उचलाव्या लागतात. स्वयंपाकाचा ओटा इतका उंच की ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मळताना सगळा जोर खांद्यातून काढावा लागे. तुला माहीतच आहे, कळण्याचं पीठ नुसतं हाताने ऐकत नाही, त्यावर अंगाचा भार पडावा लागतो. तू परातीसमोर एक पाय दुमडून बसतेस आणि कमरेपासून पुढे येतेस, तेव्हा ते लोण्यासारखं मऊ होतं. मी उभ्याने मळायची आणि भाकरी थापताना कडेला फाटायची. आता मी परात खाली जमिनीवरच घेते. तुमच्या जावईबापूंनी मला एक बुटका पाट करून दिलाय.

पण खाली बसणंही सहजासहजी राहिलं नव्हतं. मागच्या वेळी चुलतभावाच्या लग्नात मी पंगतीत खुर्ची मागितली, तेव्हा बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत, पण तुमचं तोंड मी पाहिलं. "पाहुणी झाली" असं कुणीतरी मागून म्हणालंही. ते ताठ्याने नव्हतं, बाबा. दिवसभर खुर्ची, घरी सोफा, कमोड, असं वर्षानुवर्षं झालं की घोट्याच्या मागची शीर आखडते आणि टाच टेकवून उकिडवं बसताच येत नाही. माणूस मागे पडतो. जे अंग जन्मापासून सोबत होतं ते न विचारता निघून गेलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोज सकाळी दाराची कड धरून उकिडवी बसते. आता आधार लागत नाही. यंदा पंगतीत मी शेवटपर्यंत बसेन.

आता खांद्यांचं. मी पोहायला शिकले, आई.

आपल्या मळ्यातल्या विहिरीत दादा आणि काकांची पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. मी काठावर त्यांचे कपडे धरून बसायची. तापीच्या इतक्या जवळ वाढून मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नव्हते. इथे लहान पोरांना शाळेतच पोहायला शिकवतात. पंचवीस मीटर पोहून दाखवलं आणि खांद्याएवढ्या खोल पाण्यातून बुडी मारून वस्तू काढून आणली की सागरी घोड्याचं चित्र असलेला बिल्ला मिळतो, तो पोहण्याच्या कपड्यावर शिवतात. माझ्या धाकट्याने तो मिळवला आणि मला म्हणाला, आई, तू बुडालीस तर मी काढीन. मग मीही मोठ्या बायकांच्या वर्गात नाव घातलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. त्याचं कारण पुढे सांगते.

पाण्याची भीती महिन्याभरात गेली. दुसरी भीती जास्त होती. इथे तलावात उतरण्याआधी सगळ्यांनी साबणाने अंघोळ करायची असते, बायकांच्या भागात सगळ्या बायका एकत्र, अंगावर काही न ठेवता. मी पहिल्यांदा पंचा गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिले. माझ्या शेजारच्या नळाखाली तुझ्या वयाची एक बाई होती. पोटावर बेंबीपासून खालपर्यंत ऑपरेशनचा व्रण, थेट तुझ्यासारखा. पलीकडे एक आजी, तिचं एक स्तन काढलेलं. ती केस धूत शेजारणीशी बटाट्याच्या भावाचं बोलत होती. कुणी कुणाकडे रोखून बघत नव्हतं, कुणी लपवतही नव्हतं.

आई, तुझी पिशवी काढली तेव्हा मी दहावीत होते. त्यानंतर तू कधी माझ्यासमोर लुगडं बदललं नाहीस. तो व्रण मी एकदाच, तू तापाने फणफणली होतीस तेव्हा अंग पुसताना पाहिला, आणि तू गुंगीतसुद्धा पदर ओढून घेतलास. त्या नळाखाली मला तू आठवलीस आणि रडू आलं. पाण्यात ते कुणाला दिसलं नाही. मी पंचा काढून खुंटीला लावला.

इथे कुणी तोंडावर म्हणत नाही की तू सुटलीस, तू वाळलीस, काळी पडलीस. सुरुवातीला मला ते पोरकं वाटायचं. आपल्याकडे गल्लीच्या टोकापासून घरापर्यंत चार जणी वजनाबद्दल बोलतात, आणि त्यात मायाही असते. पण आखाजीला शेजारपाजारच्या कुणी माझ्या खांद्यांवरून काही म्हटलं तर तू माझी बाजू सांभाळायला जाऊ नकोस. मला लागणार नाही. हे खांदे मी कमावलेत आणि ते मला आवडतात.

आता बाबा, तुमच्याकडे येते.

इथल्या डॉक्टरांनी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) काढली ती 5.9 टक्के आली. मधुमेह 6.5 पासून म्हणतात, 5.7 पासून पुढे कडेवर. मी म्हटलं, मी तर जाड नाही. त्यांनी टेपने माझी कंबर मोजली आणि विचारलं, तुमचे लोक कुठले? घरात कुणाला साखर होती का? आजोबा कशाने गेले? मला एवढंच सांगता आलं की आजोबांच्या पायाला जखम झाली होती ती शेवटपर्यंत भरली नाही. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. पोहायला जा, असं त्यांनी मला सांगितलं ते याचसाठी.

वजन आणि उंचीचा एक हिशेब असतो, बीएमआय म्हणतात. युरोपातल्या माणसाला 25 पर्यंत ठीक धरतात. आपल्या लोकांना 23 पासूनच धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 सालीच सांगितलंय. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि एका इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, अगदी सारखा. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बाहेरून दोघेही सडपातळ. आपल्या माणसाचे हातपाय बारीक असतात, स्नायू कमी, आणि चरबी पोटात आतड्यांभोवती बसते, तिथून ती साखर बिघडवते. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नुकती जन्मलेली बाळंही मोजली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्रजांचं साडेतीन. एवढंसं बाळ, पण चरबी मात्र त्याने अंगात राखून ठेवलेली. आईला नीट खायला नसेल, अंगमेहनत फार असेल, तर बाळ पोटातच असं घडतं. यात तुझा काही दोष नाही, आई. सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेलं खाणं ही तुझी हौस नव्हती.

म्हणजे तुम्ही जे म्हणता ना बाबा, "मी हडकुळा, मला कसली साखर, ती बसून खाणाऱ्या शेटजींना होते", ते आपल्या रक्ताला लागू पडत नाही. तुमचे हातपाय काटक आहेत, पण सदऱ्याखाली पोट आहे. पुरुषांना 90 सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांवर कंबर गेली की तपासून घ्यावं. वहिनीला सांगून बेंबीच्या रेषेत टेप लावा.

आणि खरी काळजी मला तुमच्या पायाच्या अंगठ्याची आहे. केळीचे घड काढताना कोयता लागला त्याला महिना उलटला. दादा सांगतो, अजून ओलं आहे आणि तुम्ही हळद भरून अनवाणीच बागेत जाता. दुखत नाही असं तुम्ही म्हणता, पण न दुखणं हीच चांगली खूण नाही. साखर बरीच वर्षं वाढलेली असली की पायाची संवेदना कमी होते, जखम भरत नाही आणि माणसाला कळतही नाही. मला आजोबांचा पाय आठवतो.

केळी लावायच्या आधी तुम्ही मातीचा नमुना तपासायला देताच. पोटॅश किती, चुनखडी किती हे कागदावर आल्याशिवाय खताचं पोतं उघडत नाही. तसंच स्वतःचं रक्तही एकदा तपासा. मी येईपर्यंत थांबू नका.

येण्याचं म्हणाल तर आधी सांगते, पहिला आठवडा मला आपलं ऊन झेपणार नाही. उन्हाची सवय अंगाला आठ-पंधरा दिवसांत लागते आणि महिनाभरात सुटतेही. घाम उशिरा येतो, त्यात मीठ जास्त जातं, डोकं धरतं. चव्वेचाळीस अंशांत मला दुपारी झोक्यावर बसायला बोलावू नका. पहाटे आणि दिवे लागल्यावर बसेन, गाणीही म्हणेन. खापरावर मांडे टाकायलाही तुझ्या शेजारी बसेन आई, या खांद्यांनी आता मांडा कोपरापर्यंत पसरता येईल. कैरीचं पन्हं आणि मीठ घातलेलं ताक मात्र हाताशी ठेव.

बाबा, दादाशी माझं बोलणं झालंय. सोमवारी सकाळी सातला तो गाडी काढेल. रात्री जेवल्यावर काही खाऊ नका, सकाळी चहासुद्धा नको. फैजपूरला उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची साखर, दोन्ही द्यायच्या, आणि तिथूनच पाय सर्जनला दाखवायचा. आईचंही रक्त त्याच वेळी घ्या, तिचं हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व. पायात चप्पल असू द्या, बागेतसुद्धा. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला की दादाने लगेच फोटो पाठवायचा आहे, माझ्याकडे तेव्हा दुपार असेल आणि मी फोनपाशीच थांबणार आहे.

तुमची लेक