‘फरक पडला नाही’ हे कुणी सांगितलं?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला वेल्समधल्या पॉविस काउंटीवरचा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) लेख वाचला. लेखकाने कष्ट घेतलेत, नाही कोण म्हणतं! पण ‘1974 साली तीन काउंट्या एकत्र केल्या, लोकांना फारसा फरक पडला नाही’ हे वाचलं आणि हातातला चहा निवला.

1979 ते 83 माझे यजमान बिल्थला डॉक्टर होते. बिल्थ गाव ब्रेकनॉकशायरात, वाय नदीवरचा दगडी पूल ओलांडला की रॅडनरशायर; एकत्र केलेल्या तीन काउंट्यांपैकी या दोन. आम्ही तिथे पलीकडे एका बाईंच्या माडीवर भाड्याने राहायचो. सांगलीहून आईचं निळं एअरोग्राम आलं की या बाई पत्त्यातलं ‘पॉविस’ खोडून ‘रॅडनरशायर’ लिहायच्या आणि मगच वर आणून द्यायच्या. एकदा शाई आत झिरपली आणि भावाच्या लग्नाची तारीखच गेली. मी भांडले. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘पॉविस पाच वर्षांचं आहे. माझी काउंटी 1536 ची.’’

यांना फरक पडला नाही म्हणे!

शिवाय रॅडनरशायर 1974 ला ‘संपलं’ हे लेखातलं म्हणणंही चूक. पॉविसच्या पोटात ते डिस्ट्रिक्ट (आपल्या तालुक्यासारखं) म्हणून 1996 पर्यंत होतंच. रस्ते-शाळा काउंटीकडे, कचऱ्याचे डबे आणि घरं डिस्ट्रिक्टकडे. मग सगळं एकाच कौन्सिलच्या गळ्यात, आणि तीही वेल्सच्या पाव भूभागाएवढी. जुन्या रॅडनरशायरात माणसं जेमतेम अठरा हजार होती, हे खरं. म्हणून त्यांनी हळहळू नये?

आणि लेखातलं ते ‘प्रेस्टेग्ने’ काय आहे? गावाचं नाव प्रेस्टीन. 1889 मध्ये निवडून आलेली कौन्सिल येईपर्यंत रॅडनरशायरचा कारभार जमीनदार-न्यायाधीशच वर्षातून चारदा बसून हाकायचे, ते या प्रेस्टीनला. त्याच्या फार आधी रेयाडर गावालाही पाळीपाळीने कोर्ट भरे. तिथे म्हणे एका न्यायाधीशालाच मारलं, म्हणून ते प्रेस्टीनला हलवलं. एवढी गोष्ट हाताशी असताना लेखात निम्मी जागा मेंढ्यांच्या फोटोला! मेंढ्या छान आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरं दोन रविवार छापलेली नाहीत. माझा आडवा 14 अजून रिकामा आहे.

— एक जुनी वाचक, सांगली