पात्रता विभागाच्या खिडकीतल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जुलैत कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने आलेली, फाईल छातीशी धरून पुण्यात तुमच्या खिडकीपुढे उभी राहिलेली मुलगी आठवते का? शिवाजी विद्यापीठातून बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झालेली, विषय रसायनशास्त्र, आणि आता इतिहास घ्यायचा म्हणणारी. ती मी.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी "सायन्स सोडून आर्ट्सला? नापास झालीस काय?" एवढंच ऐकून परतले होते. मार्क चांगले होते, मॅडम. आजोबांच्या ट्रंकेतला मोडी लिपीतला एक कागद घरात कुणालाच वाचता येईना, म्हणून मी मोडीच्या वर्गाला जाऊ लागले आणि तिथेच जीव रमला. पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद असलेलं पेशवे दप्तर पुण्यात, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यात. म्हणून पुणं.

तुम्ही कारण विचारलंत आणि पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आधी खरं सांगते. केमिस्ट्रीचे क्रेडिट इतिहासाच्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, चालणार नाहीत, पहिल्या वर्षापासूनच बसावं लागेल. पण तुझे ४४ क्रेडिट बुडत नाहीत, अकॅडमिक क्रेडिट बँकेतल्या तुझ्या खात्यात ७ वर्षं राहतात." वर्ष जाणार हे मला इतक्या सरळपणे कुणीच सांगितलं नव्हतं. रडू आलं नाही, उलट बरं वाटलं.

एका जुन्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही मला क्रम लिहून दिलात. इथला प्रवेश पक्का झाल्याशिवाय तिथला दाखला काढायचा नाही. दाखला कॉलेज देतं, स्थलांतर प्रमाणपत्र विद्यापीठ देतं. ते वेळेत आलं नाही तर पात्रता कायम होत नाही, म्हणजे प्रवेशाला विद्यापीठाची अंतिम मान्यता मिळत नाही, आणि निकाल अडकतो. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स. 'झेरॉक्स'खाली लाल पेनने दोन रेघा. मग आधार आणि बारावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून तुम्ही बाबांच्या नावातल्या एका अक्षरावर बोट ठेवलंत. स्पेलिंग जुळत नव्हतं. दोन वर्षं ती कागदपत्रं मी हाताळत होते, मला कधी दिसलं नव्हतं. "हे आत्ताच दुरुस्त कर, परीक्षेच्या तोंडावर धावाधाव नको."

आणि बाबांचा फोन. ते चिडलेले होते, मला बोलता येईना. तुम्ही हात पुढे करून फोन घेतलात. "अहो, पोरगी एकटी येऊन सगळे कागद नीट लावून उभी आहे. तिला कळतंय ती काय करतेय." पलीकडे बराच वेळ शांतता, मग बाबांचं "बरं". तुमच्या कामात हे कुठेच बसत नव्हतं. मागे रांग वाढत होती, तरी तुम्ही केलंत.

पात्रता कायम झाली, मॅडम. पहिल्या सत्राचा निकालही लागला. तो पाठकोरा कागद मी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. परवा साताऱ्याहून आलेल्या एका मुलाला त्यावरूनच उतरवून दिलं.

आजोबांचा कागद आता बराचसा वाचता येतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांची वाटणी आहे, खाली सहा जणांची नावं, एक आमच्या पणजीचं. पुढच्या आठवड्यात घेऊन येते. खिडकी बंद झाली की तुम्हाला वाचून दाखवते.

आपली,
प्रथम वर्ष कला, इतिहास विषयाची विद्यार्थिनी