हायपो की हायपर

ओंक्या,

परवा फोनवर तुझा रूममेट म्हणाला, 'आंटी, ओंकार हायपर झालाय' आणि वर सांगतो की घाम फुटलाय, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतोय. अरे ही तर हायपोची, म्हणजे शुगर खूप उतरल्याची लक्षणं! मी ओरडूनच सांगितलं आधी ज्यूस पाज, आणि त्या पोराने पाजला, देव त्याचं भलं करो. पण हायपर, म्हणजे शुगर खूप वाढलीय, असं समजून त्याने तुझं इन्सुलिनचं पेन हातात घेतलं असतं तर? लो शुगरवर इन्सुलिन... जाऊ दे, ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तू त्यांना दोन्ही शब्द नीट सांग. नाहीतर शब्द सोडच, सरळ 'शुगर लो' म्हणायला शिकव. हायपरमध्ये तहान तहान होते, सारखं लघवीला लागतं, आणि ते बहुतेक हळूहळू वाढतं. हायपो काही मिनिटांत आडवं करतं. तिकडच्या मीटरचे आकडेही वेगळे, आपले ७० म्हणजे तिथले ३.९, हे त्या मुलाला कुठून कळणार? फ्रीजवर कागद लाव: ४ च्या खाली गेली की आधी साखर, १५ मिनिटांनी परत चेक. आणि शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, ९९९ ला फोन.

फुटबॉल खेळून आलास की रात्रीसुद्धा शुगर उतरते हे तुला माहितीये, तरी उशिरा जेवलास ना? बरं, झालं माझं लेक्चर सुरू, सॉरी. तू स्वतःचं सगळं बघतोस. सातवीत होतास, नर्सने संत्र्यावर टोचून प्रॅक्टिस करायला सांगितली तर संत्रं बाजूला सारून थेट स्वतःच्या पोटात टोचून घेतलंस, आणि बाबा उठून बाहेर व्हरांड्यात गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. मावशीला मी अजून सांगते ते, दर वेळी.

म्हणून तुझी काळजी नाही रे, त्या एका शब्दाची आहे. तू शुद्धीत नसशील तेव्हा तुझ्या वतीने दुसराच कुणीतरी बोलणार, आणि तो हायपर म्हणाला तर ॲम्ब्युलन्सवाले येईपर्यंत फोनवर त्याला काय सांगणार ते लोक?

कागद लावलास की फोटो पाठव. आणि झोपताना शुगर किती होती तो आकडा टाक, नुसता अंगठा नको.

आई